तीन किलोमीटर, पण कोणाचे?

शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. अंतर मोजायला हा नियम पुरेसा आहे. रस्ता मोजला, तीन किलोमीटर भरले, की कागदावर सगळी मुलं सारख्याच अंतरावर राहतात. पण वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातून सकाळी एकाच वाटेनं, एकाच घोळक्यात शाळेला निघालेल्या मुलांकडे जरा वेळ बघत राहावं. एकीची चाल संथ, लांब टांगांची. दुसरी तिच्या बरोबरीनं राहायला मिनिटाला पंधरा-वीस पावलं जास्त टाकतेय. तिसरी सगळ्यांच्या मागं, तोंड लाल, दम लागलेला, आणि पुढून कोणीतरी ओरडतंय, "चाल नं लवकर!" रस्ता एक, वेग एक, आणि प्रत्येकीचे कष्ट वेगळे. हे कष्ट मोजता येतात. मोजल्यावर जे दिसतं, ते मला शरीरशास्त्रातल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटतं.

वर्धा जिल्हा यासाठी मुद्दाम निवडावा असाच आहे. सेवाग्रामला 1969 साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यातलं आरोग्य खेड्यात जाऊन शिकायचं, हा या वैद्यकीय महाविद्यालयाचा पहिल्यापासूनचा बाणा. तिथल्या सामुदायिक वैद्यक विभागातल्या डॉक्टरांनी मुलांची वजनं आणि उंची मोजून दोन अभ्यास प्रसिद्ध केले. 2006 साली छापून आलेला अभ्यास वर्ध्याच्या ग्रामीण भागातल्या किशोरवयीन मुलामुलींचा होता. त्यात निम्म्याहून अधिक मुलं कृश निघाली, आणि जास्त वजनाची शंभरात जेमतेम दोन. दुसरा अभ्यास 2008 सालचा, वर्धा शहरातल्या शाळांचा. तिथं जास्त वजनाची किंवा लठ्ठ मुलं शंभरात चारच्या वर होती. इंग्रजी माध्यमाची शाळा आणि रोज अर्ध्या तासापेक्षा कमी मैदानी खेळ, या दोन गोष्टी वाढत्या वजनाच्या जोडीनं आढळल्या. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एसटीनं तासाभराच्या अंतरात, वजनकाट्याची दोन्ही टोकं नांदत होती.

ही दोन टोकं चालताना कुठं भेटतात, तेच सांगायचं आहे. पण आधी चालणं म्हणजे काय ते पाहू.

चालताना आपण पाय सरळ ठेवून त्याच्यावरून शरीर पुढं नेतो. पाय जमिनीवर उभा झाला की कंबर सर्वांत वर असते आणि वेग सर्वांत कमी. मग शरीर पुढं कलतं, खाली येतं, वेग वाढतो, आणि तोच वेग पुढच्या पायावर चढायला कामी येतो. झोका उलटा टांगला तर जसा हलेल, तसं हे आहे: उंचीचा वेग होतो, वेगाची पुन्हा उंची होते. इटलीतले शरीरशास्त्रज्ञ जोव्हानी कावान्या यांनी जमिनीवर पडणारा पायाचा जोर मोजून दाखवलं, की सोयीच्या वेगानं चालताना ही देवाणघेवाण जवळजवळ दोन-तृतीयांश ऊर्जा वाचवते. बाकीची तेवढी स्नायूंना घालावी लागते. प्रत्येक पावलाला आपण पडतो आणि त्या पडण्यातून पुढच्या पावलाची शक्ती काढून घेतो, ही गोष्ट एकदा कळली की रस्त्यानं जाणाऱ्या कोणत्याही माणसाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

या हालचालीचा ताल ठरवतं गुरुत्वाकर्षण, आणि गुरुत्वाकर्षण पायाच्या लांबीप्रमाणे ताल बदलतं. कावान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली दोन ते बारा वर्षांच्या मुलांवर हेच मोजमाप केलं. दोन वर्षांच्या मुलाला सर्वांत किफायतशीर वेग ताशी 2.8 किलोमीटर निघाला. वय वाढेल तसा तो वाढत गेला आणि बाराव्या वर्षी ताशी 5 किलोमीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या वेगावर आला.

आता बापाचं बोट धरून बाजाराला निघालेलं चार वर्षांचं पोर बघा. बाप चालतोय आणि पोर दुडूदुडू पळतंय. मध्येच दोन पावलं चालतं, मागं पडतं, पुन्हा पळतं. बापाला वाटतं, याला नीट चालता येत नाही. ते नीटच चालतंय. चालण्याला एक कमाल वेग असतो, आणि त्याचं सूत्र विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या नावानं ओळखलं जातं. एकोणिसाव्या शतकात फ्रूड जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून मोठ्या जहाजांचा अंदाज बांधत असे. वेगाचा वर्ग घ्या, त्याला लांबीनं आणि गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगानं भागा. जो आकडा येईल तो सारखा असेल तर छोटं आणि मोठं जहाज सारखंच वागतं. पुढं लीड्स विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर यांनी जहाजाच्या लांबीच्या जागी पायाची लांबी घातली. कुत्रा, घोडा, उंट, माणूस, सगळे सूत्रात बसले. हा आकडा साधारण अर्ध्यापाशी पोचला की माणूस चालणं सोडून पळायला लागतो.

बापाचा पाय कमरेपासून 90 सेंटीमीटर धरला तर ही सीमा ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास येते. चार वर्षांच्या पोराचा पाय 45 सेंटीमीटर. त्याची सीमा ताशी 5.3 किलोमीटर. बाप ताशी साडेपाचनं चालला, तर त्याच्यासाठी ते निवांत चालणं आहे, आणि पोराला त्या वेगानं चालणं जवळजवळ अशक्य. ते पळतं, कारण पृथ्वी त्याला तेवढ्या वेगानं चालू देत नाही.

याच सूत्रानं अलेक्झांडर यांनी 1976 साली दगडात उमटलेल्या पावलांवरून डायनोसॉरच्या चालण्याचा वेग काढला. आपल्याकडे हे फार लांबचं नाही. वर्धा जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांमधून लांब मानेच्या प्रचंड डायनोसॉरची हाडं आणि त्यांची दगड झालेली विष्ठा निघाली आहे. ज्या सूत्रानं त्या जातीच्या प्राण्यांची चाल अजमावतात, त्याच सूत्रानं हिंगणघाटच्या बाजारातल्या पोराचं दुडूदुडू समजतं. मला तरी हे वाचून थांबावंसं वाटलं होतं.

वेगाचं झालं, आता खर्चाचं. चालायला किती ऊर्जा लागते हे मोजायची रीत साधी आहे. माणसाच्या तोंडाला मुखवटा लावायचा, सरकत्या पट्ट्यावर किंवा मोकळ्या वाटेवर चालवायचं, आणि आत घेतलेल्या नि बाहेर टाकलेल्या हवेतल्या ऑक्सिजनचा फरक बघायचा. कॅलिफोर्नियातले रॉबर्ट वॉटर्स यांनी अशी शेकडो मोजमापं केली. आपल्या मनासारख्या वेगानं चालणारा प्रौढ मिनिटाला 80 मीटर जातो आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे, प्रत्येक मीटरला 0.15 मिलिलीटर ऑक्सिजन वापरतो. सहा ते बारा वर्षांची मुलं मिनिटाला 70 मीटर जातात आणि किलोमागे मीटरला 0.22 मिलिलीटर वापरतात. मुलाचं एक किलो वजन एक मीटर पुढं न्यायला मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट खर्च!

बरीच वर्षं याचा अर्थ असा लावला जाई, की मुलांची चाल अजून कच्ची असते, मुरलेली नसते. 2010 साली अमेरिकेतले पीटर वेयँड आणि त्यांचे सहकारी यांनी पाच वर्षांच्या मुलांपासून तिशीतल्या माणसांपर्यंत सगळ्यांना चालवलं. सर्वांत ठेंगणा जेमतेम एक मीटर सात सेंटीमीटर, सर्वांत उंच एक मीटर त्र्याऐंशी. त्यांनी हिशेब मीटरमध्ये न करता चालणाऱ्याच्या स्वतःच्या उंचीत केला. आणि सगळा फरक मावळला. स्वतःच्या उंचीइतकं अंतर चालायला, आपापल्या सोयीच्या वेगानं, लहान-मोठ्या सगळ्यांना किलोमागे सारखीच ऊर्जा लागते. पाच वर्षांच्या मुलाची चाल कच्ची नाहीच. ती मोठ्यांच्या चालीइतकीच पक्की आहे, फक्त लहान आहे.

यावरून शाळेची वाट पुन्हा मोजू. 170 सेंटीमीटरच्या शिक्षकासाठी तीन किलोमीटर म्हणजे सुमारे 1,765 उंच्या. 120 सेंटीमीटरच्या मुलीसाठी तीच वाट 2,500 उंच्यांची. तिच्या शरीराच्या मापानं पाहिलं तर शिक्षकाला सव्वाचार किलोमीटर चालावं लागलं असतं तेवढी ती चालून आली आहे, आणि वर्गात शिरताच पाढे म्हणायला उभी आहे.

इथपर्यंत आपण उंची पाहिली. वजन आलं की गोष्ट गुंतते, आणि तिथंच तिची गंमत आहे. समजा, सहावीतल्या तीन मुली एकाच गावातून निघाल्या. वय सगळ्यांचं अकरा. पहिली 143 सेंटीमीटर उंच, 34 किलो वजनाची, वयाला साजेशी. दुसरी तेवढीच उंच, पण 52 किलोची. तिसरी 128 सेंटीमीटर आणि 23 किलो. लहानपणापासून पुरेसं खाणं न मिळाल्यानं उंचीच खुंटलेली. तिघी ताशी साडेचार किलोमीटरनं, चाळीस मिनिटांत शाळेत पोचतात. पुढचे आकडे मी शरीरशास्त्रात नेहमी वापरल्या जाणाऱ्या मापांवरून मांडले आहेत. ते तीन खऱ्या मुलींचे नाहीत, पण अशा मुलींच्या बाबतीत चित्र असंच दिसतं.

पहिलीला या वेगानं मिनिटाला सुमारे 480 मिलिलीटर ऑक्सिजन लागतो. जीव तोडून पळाली तर तिचं हृदय आणि फुप्फुसं मिनिटाला 1,450 मिलिलीटरपर्यंत पुरवू शकतात. म्हणजे शाळेची वाट तिच्या ताकदीच्या एक-तृतीयांशात भागते. ती गप्पा मारत जाते.

दुसरीला 52 किलो वाहून न्यायचे आहेत. मांड्या जाड असल्यानं पाय थोडे फाकून टाकावे लागतात, त्याचाही खर्च किंचित वाढतो. तिला मिनिटाला 780 मिलिलीटर लागतो, पहिलीच्या दीडपटीहून जास्त. आता इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. या मुलीची कमाल क्षमता पहिलीपेक्षा कमी नसते. उलट थोडी जास्तच असते, 1,700 मिलिलीटरच्या आसपास. रोज एवढं वजन उचलून तिचे पायांचे स्नायू आणि हृदय तयार झालेले असतात. पण चरबी वाढते त्या प्रमाणात हृदय वाढत नाही. म्हणून तिच्या ताकदीचे शंभरातले 46 भाग या वाटेत लागतात. जी मागं राहते, जिला आळशी म्हणतात, ती त्या घोळक्यात सर्वांत जास्त काम करत असते.

तिसरीचं वजन सर्वांत कमी. हलकी आहे, तुरुतुरु चालेल, असं वाटतं. पण तिचे पाय आखूड आहेत, त्यामुळे किलोमागे खर्च जास्त. तरी एकूण लागतो 370 मिलिलीटरच. मात्र तिच्या छोट्या हृदयाची आणि बारीक स्नायूंची कमाल मजल 980 मिलिलीटर. तिचे 38 भाग लागले. आणि तिच्या रक्तात लोह कमी असेल तर? महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अकरा वर्षांच्या मुली त्याच घरांत वाढतात. ऑक्सिजन वाहतं ते हिमोग्लोबिन. ते कमी झालं की हृदय कितीही धडधडलं तरी पोचवायचा माल कमीच. तिची मजल नुसती पंधरा टक्क्यांनी घटून 830 झाली, की तिचे 45 भाग लागले.

46 आणि 45. एकीचं वजन दुसरीच्या दुपटीहून जास्त, आणि दोघींना शाळेची वाट सारखीच जड. एकीला ओझ्यानं, दुसरीला पावलानं नि रक्तानं. वजनानं मधली, म्हणजे पहिली, मात्र गाणं म्हणत जाईल. सेवाग्रामच्या दोन अभ्यासांतली दोन टोकं अशी या वाटेवर शेजारी-शेजारी चालतात, आणि दोघी एकाच वेळी धापा टाकतात.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात जी. बी. स्पर आणि रेइना या संशोधकांनी शाळकरी मुलांवर काम करून हेच ताडलं होतं: कमी पोषणाच्या मुलांचे स्नायू दुबळे नसतात, किलोच्या हिशेबानं ते धडधाकट मुलांच्या जवळपास असतात, पण एकूण देहच लहान असल्यानं प्रत्यक्ष कामाची ताकद कमी पडते. कृश असणं आणि कुपोषणानं खुंटणं यांतला फरक वर्ध्याला वेगळा सांगायला नको. विनोबा अंगानं किती बारीक होते! 1951 च्या मार्चमध्ये ते पायी निघाले आणि पुढं तेराएक वर्षं देशभर चालत राहून 1964 ला पवनारला परतले. पन्नाशी उलटलेला, पोटाच्या दुखण्यानं बेजार माणूस. वाढ पूर्ण झालेल्या बारीक शरीराला चालणं स्वस्त पडतं. वाढत्या वयात उपाशी राहिलेल्या शरीराचं तसं नाही.

वर्ध्याच्या वाटेचा हिशेब पावसाळ्याशिवाय पुरा होत नाही. विदर्भात शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमका त्याच सुमारास पाऊस लागतो. मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळलं की पऱ्हाटी नि तुरीच्या शेतांमधून पांधण जाते. तिची माती काळी, कपाशीची. पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. चार पावलांत चपलेखाली मातीचा थर बसतो, दहा पावलांत चप्पल वीतभर उंच होते. मुली थांबतात, काडीनं किंवा धुऱ्यावरच्या दगडावर घासून माती काढतात, पुढं दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटी चपला हातात घेऊन अनवाणी चालतात.

त्या अनवाणी चालण्यामागे केवढी अक्कल आहे बघा. अमेरिकी सैन्यासाठी सूल आणि गोल्डमन यांनी 1969 साली मोजलं होतं, की पायाला बांधलेलं एक किलो वजन धडावरच्या वजनापेक्षा चार ते सहा पट महाग पडतं. पाय प्रत्येक पावलाला थांबतो आणि पुन्हा वेग घेतो, आणि त्याच्याबरोबर ते वजनही दर वेळी नव्यानं हलवावं लागतं. दोन चपलांना मिळून एक किलो चिखल लागला तर तो पाठीवरच्या पाचेक किलोंइतका. महाराष्ट्र सरकारनं 2015 साली ठरवलं, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या 23 किलोच्या मुलीसाठी ते 2.3 किलो. तिच्या पायांना लागलेला चिखल या मर्यादेच्या दुप्पट दप्तर घेतल्यासारखा आहे, आणि तो कोणत्या परिपत्रकात येत नाही. त्यात खाली जमीन मऊ. वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजलं आहे. चिखलाचा आकडा वेगळा निघेल, पण पाय रुतला की वर काढताना झोक्यातली वाचलेली ऊर्जा चिखलातच राहते, हे तत्त्व तेच.

खर्च झाला की भरणा कुठून होतो? शाळेतल्या दुपारच्या जेवणातून. सहावी ते आठवीच्या मुलांच्या खिचडीत 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं असावीत असा निकष आहे. एक लीटर ऑक्सिजन म्हणजे ढोबळमानानं पाच कॅलरी. या हिशेबानं कोरड्या रस्त्यानं जाऊन-येऊन, सहा किलोमीटरला, मधलीच्या सुमारे 190 कॅलरी जातात, जाडीच्या 310, आणि छोटीच्या 150. छोटीला लागलं कमी, पण घरून निघताना तिच्या पोटात चहाशिवाय काही नसेल, तर खिचडीचा पाचवा हिस्सा जाण्या-येण्याची वाटच खाते. उरलेल्यात तिला वाढायचं असतं, रक्त तयार करायचं असतं, खेळायचं असतं. जी मुलगी भूक लागली की खेळायला उठत नाही, तिचं शरीर हा जमाखर्च आपल्यापेक्षा चोख ठेवतं.

आता घड्याळांकडे येऊ. मनगटावरची यंत्रं हल्ली सांगतात, अमुक वेळ 'मध्यम' व्यायाम झाला, तमुक 'जोरकस'. या प्रतवारीच्या मुळाशी एक माप आहे: बसल्या जागी माणूस किलोमागे मिनिटाला साडेतीन मिलिलीटर ऑक्सिजन घेतो असं धरायचं, आणि त्याच्या तिप्पट लागलं की मध्यम, सहापट लागलं की जोरकस. हे साडेतीन आलं कुठून? सत्तर किलोच्या, चाळिशीतल्या एका पुरुषावरून, असं सांगितलं जातं. वाढत्या मुलाचं शरीर नुसतं बसलेलं असतानाही किलोमागे यापेक्षा बरंच जास्त जळतं, कारण ते घर बांधण्याच्या कामात असतं. म्हणून मुलांसाठी संशोधक वेगळी विश्रांतीची रेघ धरतात. पावलांचंही तसंच. मोठ्या माणसानं मिनिटाला शंभर पावलं टाकली की चालणं मध्यम व्यायामात मोडतं. अमेरिकेत सहा ते वीस वर्षांच्या मुलांवर झालेल्या मोजणीत सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा 128 च्या आसपास आला. आईच्या घड्याळानं मुलाची चाल तोलली तर माप भलतंच दाखवणार.

यंत्राशिवायही तोलता येतं, आणि माझ्या मते तेच जास्त खरं. चालता-चालता मूल गप्पा मारू शकतं आणि गाणंही म्हणू शकतं, तर कष्ट हलके. बोलता येतं पण गाण्याची ओळ तुटते, तर मध्यम. दोन शब्दांपलीकडे बोलता येत नाही, तर जोरकस. ही कसोटी वजन विचारत नाही, उंची विचारत नाही. हृदयावर किती भार आहे तेवढंच विचारते. आपल्या तिघींपैकी मधली पूर्ण कविता म्हणेल. बाकी दोघींची ओळ अर्ध्यात तुटेल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं मध्यम किंवा त्याहून जोरकस हालचाल हवी. शाळेत जाण्या-येण्याच्या त्याच ऐंशी मिनिटांत दोघींचा कोटा भरून वर उरला, आणि मधलीचा अजून बाकी आहे! पीटीच्या तासाला मात्र तिघींना एकच शिट्टी.

वजन या आकड्यावरही फार भरवसा ठेवता येत नाही, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयातून त्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोनं हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो आला. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2. काट्यावर सारखे उतरलेले दोन देह आतून इतके निराळे. म्हणजे वर्ध्यातली एखादी मुलगी वजनानं 'ठीक' असली, तरी तिचे चालणारे स्नायू आणि वाहून नेली जाणारी चरबी यांचा वाटा काट्यावरून कळणार नाही. चढाच्या वाटेवर तिचा श्वास ते सांगतो.

मग जाड मुलीनं कसं हलायचं, आणि छोटीनं किती? इथं मुलांचं मूळचं वागणंच मार्ग दाखवतं. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात संशोधकांनी मुलांच्या शेजारी बसून दर काही सेकंदांना त्यांच्या हालचाली टिपल्या. मुलांची जोरकस धावपळ बहुतेक वेळा पंधरा सेकंदांच्या आतच संपत होती. मग थांबणं, बघणं, पुन्हा उसळणं. सलग तीन किलोमीटर एकाच चालीनं जाणं ही मोठ्यांची रीत. मुलाला मोकळं सोडलं की ते स्वतःच्या हृदयाच्या हिशेबानं पळतं आणि थांबतं. खो-खो आणि लंगडी नेमक्या याच मापाच्या आहेत: काही सेकंदांचा जोर, मग थांबणं. जाड मुलीला तिथं तिच्या दांडग्या पायांचा उपयोग होतो, छोटीला दम घ्यायला उसंत मिळते. 600 मीटरच्या धावण्यात, खेलो इंडियाच्या शाळकरी चाचणीत ते आहे, दोघी शेवटच्याच येतात.

वर्धा शहरापासून सेवाग्राम आठेक किलोमीटरवर आहे. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी मगनवाडीहून पायी तिकडे राहायला गेले, तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. वर्ध्याच्या एखाद्या शाळेला आजही बापूकुटीची सहल पायी काढता येईल. अशी सहल निघेल तेव्हा रांगेत सर्वांत पुढं छोटीला आणि तिच्या शेजारी जाडीला ठेवावं, आणि त्या दोघींना बोलता-बोलता सुचेल त्या चालीनं सगळ्यांनी यावं. ताशी चार किलोमीटर धरलं तर दोन तास लागतील. सकाळी साडेसहाला निघालं तर ऊन चढायच्या आत पोचता येतं. मधल्या मुलीला ही चाल फारच संथ वाटेल. तिला सांगावं, तू पुढच्या निंबाच्या झाडापर्यंत पळत जा, आणि परत ये.